न्यूयॉर्कच्या म्युझियममधला ८५० वर्षं जुना क्रॉस, जो कुठून आला हे विकणाऱ्यानं कधीच सांगितलं नाही

१९६३ साल. स्वित्झर्लंडमधलं झुरिक शहर. थॉमस होव्हिंग नावाचा तिशीतला एक अमेरिकन क्युरेटर साठी ओलांडलेल्या एका कलासंग्राहकासमोर बसला होता. कॉफीवर कॉफी चालू होती आणि लक्ष घड्याळाकडे होतं. ज्या वस्तूसाठी हे सगळं चाललं होतं, ती विकत घेण्याचा पहिला हक्क लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे होता आणि त्या हक्काची मुदत रात्री बारा वाजता संपणार होती. बारा वाजले, लंडनचा होकार आला नाही. होव्हिंगनं तिथल्या तिथे सौदा पक्का केला. किंमत होती २ लाख ब्रिटिश पौंड.

होव्हिंग गोष्टी रंगवून सांगणारा माणूस होता, त्यामुळे कॉफीच्या या किश्श्यात थोडा मसाला असेलही. पण किंमत खरी आहे आणि ब्रिटिश म्युझियमनं माघार का घेतली ते कारणही खरं आहे. त्यांनी विकणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारला होता. ही वस्तू तुमचीच आहे, याचा पुरावा काय? त्याचं उत्तर मिळालं नाही, म्हणून ते थांबले. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, म्हणजे मेट, थांबलं नाही.

ती वस्तू म्हणजे बाराव्या शतकातला एक कोरीव क्रॉस, मराठी ख्रिस्ती ज्याला क्रूस म्हणतात तो. उंची ५७.५ सेंटीमीटर, रुंदी ३६.२ सेंटीमीटर. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला मेटची ‘द क्लॉइस्टर्स’ नावाची शाखा आहे, १९३८ मध्ये सुरू झालेली, फक्त मध्ययुगीन युरोपच्या कलेला वाहिलेली. तिथे तो ठेवलाय, म्हणून त्याला ‘क्लॉइस्टर्स क्रॉस’ म्हणतात. मध्ययुगीन कलेच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात त्याचा फोटो असतो. आणि तरीही तो कुणी कोरला, कुठे कोरला, मधली आठशे वर्षं तो कुणाकडे होता, यातल्या एकाही प्रश्नाचं पक्कं उत्तर नाही.

दोन फुटांच्या आत ९२ माणसं

आधी नुसता तो बघू. क्रॉस दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे. त्यावर ९२ आकृत्या आहेत आणि ९८ ठिकाणी मजकूर. बहुतेक आकृत्यांची उंची अर्ध्या इंचाच्या आसपास, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. तेवढ्या जागेत चेहरा, दाढी, कपड्यांच्या चुण्या, हातवारे सगळं आहे.

पुढच्या बाजूचा मधला खांब सपाट फळीसारखा नाही. तो फांद्या छाटलेल्या झाडाच्या खोडासारखा दिसतो. हा जीवनवृक्ष. ज्या लाकडावर येशूला मारलं, तेच लाकूड माणसाला नवं आयुष्य देणारं झाड ठरलं, अशी ही कल्पना. खोडाच्या तळाशी आदाम आणि हव्वा त्या झाडाला धरून आहेत.

आडवी आणि उभी पट्टी जिथे मिळते तिथे एक गोल चकती आहे. तिच्यावर मोशे आणि पितळेचा साप. बायबलमधली गोष्ट अशी की वाळवंटात इस्राएली लोकांना साप चावू लागले, तेव्हा मोशेनं पितळेचा साप करून खांबावर टांगला आणि ज्यांनी त्याच्याकडे पाहिलं ते वाचले. ख्रिस्ती परंपरा या गोष्टीत क्रूसाची आधीच मिळालेली खूण पाहते. पट्टीच्या टोकांना चौकोनी तुकडे आहेत आणि त्यांवर येशूच्या कथेचा शेवटचा भाग: क्रूसावरून उतरवलेलं शरीर, रिकाम्या थडग्यापाशी आलेल्या स्त्रिया, वर स्वर्गारोहण.

मागच्या बाजूला जुन्या करारातले संदेष्टे ओळीनं आहेत. प्रत्येकाच्या हातात लांब पट्टी आणि तिच्यावर त्याच्या ग्रंथातलं वाक्य. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकजण आपापलं प्लेकार्ड घेऊन उभा आहे. या पट्ट्या वळतात, एकमेकींवरून जातात आणि माणसं मान वळवून आपसात बोलल्यासारखी वाटतात. नुसती रांग कंटाळवाणी झाली असती, इथे ती भर सभेसारखी दिसते.

काही गोष्टी गायब आहेत. खांबाचं खालचं टोक मूळ जागी नाही. पुढच्या बाजूला एकेकाळी येशूची स्वतंत्र कोरलेली मूर्ती असावी, तीही नाही. नॉर्वेत ओस्लोच्या संग्रहालयात अशीच एक हात तुटलेली येशूमूर्ती आहे आणि ती याच क्रॉसची असल्याचं काही अभ्यासकांनी मांडलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही.

हा हस्तिदंत नाही

इथे मराठीत हमखास घोळ होतो. इंग्रजीत हत्तीचा दात असो की वॉलरसचा सुळा, दोन्हींना एकच शब्द चालतो. आपण सरसकट ‘हस्तिदंत’ लिहून मोकळे होतो. पण या क्रॉसचा हत्तीशी काहीच संबंध नाही. तो वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलाय. वॉलरस म्हणजे बर्फाळ समुद्रात राहणारा, जाड मिशांचा आणि वरच्या जबड्यातून खाली आलेल्या दोन लांब सुळ्यांचा अवाढव्य प्राणी.

बाराव्या शतकात उत्तर युरोपात हत्तीचा दात सहज मिळत नव्हता. वॉलरसचे सुळे मात्र येत होते आणि त्यांचा मोठा पुरवठा ग्रीनलंडमधून व्हायचा. दहाव्या शतकाच्या शेवटी नॉर्स लोक, म्हणजे ज्यांना आपण व्हायकिंग म्हणून ओळखतो त्यांचे वंशज, तिथे जाऊन वसले होते. शेतीला जमीन जेमतेम, लाकूड जवळपास नाहीच. बाहेरच्या जगाला विकण्यासारखं त्यांच्याकडे जे थोडं होतं त्यात हे सुळे अव्वल. चर्चचा करसुद्धा ते सुळ्यांच्या रूपात भरायचे. युरोपात सापडलेल्या जुन्या वॉलरस अवशेषांच्या डीएनएचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की बाराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांनंतर युरोपात येणारा माल मुख्यतः पश्चिम ग्रीनलंडचा होता. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेली प्रसिद्ध बुद्धिबळाची प्यादी बहुतेक याच सुळ्यांची आहेत.

कारागिराच्या दृष्टीनं वॉलरसचा सुळा अवघड माल. हत्तीच्या दातापेक्षा तो बराच बारीक. बाहेरचा थर गुळगुळीत आणि घट्ट असतो, पण आतला गाभा खडबडीत, ठिपक्याठिपक्यांचा. खोल कोरायला गेलं की तो गाभा उघडा पडतो. त्यामुळे एका सुळ्यातून अख्खा क्रॉस काढणं शक्यच नव्हतं. वेगवेगळे तुकडे कोरून ते एकमेकांत बसवावे लागले आणि सांधे नक्षीत लपवावे लागले. आज फोटोत तो एकसंध दिसतो, हीच त्या हाताची करामत.

तेराव्या शतकात आफ्रिकेतून हत्तीचे दात मोठ्या प्रमाणात येऊ लागले, पॅरिस कोरीवकामाचं केंद्र झालं आणि वॉलरस मागे पडला. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळात स्थानिक कारागिरांनी कोरलेल्या ख्रिस्ती मूर्ती मात्र खऱ्याखुऱ्या हस्तिदंताच्या. डोंगरावर मेंढरांमध्ये बसलेला ‘उत्तम मेंढपाळ’ बालयेशू हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं रूप. पण ते काम सतराव्या शतकाच्या आसपासचं, म्हणजे या क्रॉसनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी झालेलं.

मग वाद कशाचा?

वाद आहे तो त्यावर लिहिलेल्या मजकुराचा. क्रॉसच्या कडांवर मोठ्या अक्षरांत लॅटिन पद्यओळी आहेत. एका ठिकाणी आशय असा की, मृत्यू हरला आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यू धर्म, आपल्याच मूर्ख खटपटीनं कोसळला. दुसऱ्या ठिकाणी नोहाची गोष्ट येते. नोहा दारूच्या नशेत उघडा पडला होता तेव्हा त्याचा मुलगा हाम त्याला हसला. क्रॉस म्हणतो, मरणाऱ्या देवाच्या वेदनेला ज्यू तसेच हसले. मागच्या बाजूच्या गोल चकतीत येशूचं प्रतीक असलेल्या कोकराला भाला मारला जातोय. भाला मारणारी एक स्त्री आहे आणि ती स्त्री म्हणजे सिनेगॉग.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट आहे येशूच्या डोक्यावरच्या पाटीची. बायबलनुसार रोमन सुभेदार पिलातानं क्रूसावर पाटी लावली: नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. मुख्य याजकांनी हरकत घेतली, पिलातानं ती फेटाळली आणि पाटी तशीच राहिली. या क्रॉसवर पिलात आणि याजक कयफा यांचा तो वाद कोरलेला आहे. पण शेजारच्या पाटीवर ‘यहुद्यांचा राजा’ असं लिहिलेलंच नाही. तिथे आहे ‘कबुली देणाऱ्यांचा राजा’, म्हणजे श्रद्धा उघड बोलून दाखवणाऱ्यांचा. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी बायबलमधला शब्द बदलला आणि तो हाडासारख्या कठीण वस्तूत कायमचा कोरून ठेवला. होव्हिंगनं १९८१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नावही हेच, ‘किंग ऑफ द कन्फेसर्स’.

होव्हिंगनं याचा अर्थ सरळ लावला. हा क्रॉस ज्यूंविरुद्धचं हत्यार आहे आणि येशूच्या नावाजवळून ‘ज्यू’ हा शब्दच पुसलाय. त्यावर दुसरी बाजूही आहे. मध्ययुगीन विद्वान ‘यहूदा’ या हिब्रू नावाची फोड ‘कबुली देणारा’ अशीच करायचे. त्या हिशेबानं पाटीवरचा बदल म्हणजे शब्दाचा अर्थ उलगडून लिहिणं झालं. एलिझाबेथ पार्कर आणि चार्ल्स लिटल यांनी १९९४ मध्ये या क्रॉसवर मोठा ग्रंथ लिहिला. मठातली उपासना आणि त्या काळचं धर्मशास्त्र यांच्या चौकटीत ठेवून त्यांनी तो वाचला. जुन्या करारातली वचनं दाखवून ‘बघा, तुमच्याच ग्रंथात येशू आहे’ असा ज्यूंशी वाद घालणं हा त्या काळच्या ख्रिस्ती लेखनाचा नेहमीचा प्रकार होता.

ही दुसरी बाजू अभ्यासाची आहे, तिला वजन आहे. पण हामच्या हसण्याची ओळ आणि कोकराला भोसकणारी स्त्री या दोन गोष्टी तिच्यातून पूर्ण सुटत नाहीत. पाटीवरचा शब्द विद्वत्ता म्हणून समजावता येतो. ते हसणं नाही.

तेव्हा इंग्लंडमध्ये काय चाललं होतं?

मराठी माणसाच्या डोळ्यासमोर ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्राएली, आपले शनवार तेली येतात, शेजारीपाजारी म्हणून राहिलेले. बाराव्या शतकातलं इंग्लंड फार वेगळं होतं.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ज्यू तिथे येऊन राहिले. ते थेट राजाच्या संरक्षणाखाली होते आणि अनेकजण व्याजानं पैसे द्यायचे. साहजिकच कर्जात बुडालेल्या सरदारांचा आणि मठांचा त्यांच्यावर डोळा. ११४४ मध्ये नॉर्विचला विल्यम नावाचा मुलगा मेलेला सापडला आणि पुढे ‘ज्यूंनी त्याला धार्मिक विधीसाठी मारलं’ अशी कहाणी पसरवली गेली. युरोपभर पुढची कित्येक शतकं रक्त सांडणाऱ्या या अफवेची सुरुवात तिथली. ११८१ मध्ये तसाच आरोप सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स या गावात झाला. ११९० च्या मार्चमध्ये, झावळ्यांच्या रविवारी, त्याच गावात ५७ ज्यूंची कत्तल झाल्याचं त्या काळचा इतिहासकार नोंदवतो. त्याच वर्षी तिथला मठाधिपती सॅमसन यानं राजाची परवानगी काढून उरलेल्या ज्यूंना गावाबाहेर घालवलं. शंभर वर्षांनी, १२९० मध्ये, राजा पहिला एडवर्ड यानं अख्ख्या इंग्लंडमधून ज्यूंना हाकललं.

बरी सेंट एडमंड्सचं नाव इथे यायला कारण आहे. क्रॉसचं दुसरं नावच ‘बरी सेंट एडमंड्स क्रॉस’. तिथला मठ इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक. त्याच्या जुन्या नोंदीत मास्टर ह्यूगो नावाच्या कलाकाराचा उल्लेख आहे. त्यानं घंटा ओतली, दरवाजे केले, बायबलची चित्रं काढली (हे ‘बरी बायबल’ आज केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजमध्ये आहे) आणि प्रार्थनागृहासाठी एक अप्रतिम क्रूसही कोरला. होव्हिंगनं दोन आणि दोन चार केले: ह्यूगोचा क्रूस तो हाच.

अडचण अशी की त्या नोंदीतल्या क्रूसासोबत मारिया आणि योहान यांच्याही मूर्ती होत्या आणि तो कशाचा होता, किती मोठा होता, ते लिहिलेलं नाही. तो लाकडाचा माणसाएवढा क्रूसही असू शकतो. क्रॉस इंग्लंडमधला आहे हे बहुतेकांना मान्य आहे, जर्मनीचंही नाव काहींनी घेतलंय. मेट स्वतः त्यावर ‘ब्रिटिश, साधारण ११५० ते ११६०’ एवढंच लिहितं. हे साल धरलं तर क्रॉस ११९० च्या कत्तलीच्या तीसेक वर्षं आधीचा ठरतो. म्हणून सोशल मीडियावर कधीकधी दिसतं तसं ‘हाच तो दंगल घडवणारा क्रॉस’ असं म्हणणं चूक आहे. एवढं मात्र म्हणता येतं की जे शब्द पुढे रस्त्यावर आले, ते सुशिक्षित, लॅटिन जाणणाऱ्या, कलेची उत्तम जाण असलेल्या लोकांच्या वर्तुळात आधीपासून घोळत होते.

विकणारा माणूस

१५३९ मध्ये राजा आठवा हेन्री याच्या काळात बरीचा मठ बंद झाला. क्रॉस तिथला असेलच, तर तिथून पुढे चारशे वर्षं त्याचा कुठेच पत्ता नाही. मग तो एकदम उगवतो झुरिकच्या एका बँकेच्या तिजोरीत. मालक, अँटे टोपिच मिमारा.

मिमारा मूळचा क्रोएशियाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींनी युरोपभर लुटलेल्या कलावस्तू दोस्त राष्ट्रांनी म्युनिकमधल्या एका केंद्रात गोळा केल्या होत्या. मूळ देशांनी यावं, ओळख पटवावी आणि आपलं परत न्यावं, अशी व्यवस्था. मिमारा तिथे युगोस्लाव्हियाच्या वतीनं गेला आणि १९४९ मध्ये बऱ्याच वस्तू घेऊन आला. त्यातल्या अनेकांचा युगोस्लाव्हियाशी काही संबंधच नव्हता, हे अमेरिकन अधिकाऱ्यांच्या नंतर लक्षात आलं. पुढे झाग्रेबमध्ये त्याच्या संग्रहाचं मोठं संग्रहालय १९८७ मध्ये उघडलं. त्याच वर्षी तो वारला. त्या संग्रहातल्या अनेक वस्तू खऱ्या की खोट्या, यावरही तज्ज्ञांचे वाद आहेत.

क्लॉइस्टर्स क्रॉस म्युनिकमधून आला असा कुठलाही पुरावा नाही. आला नाही असाही नाही. आणि क्रॉसवरचा मजकूर डोक्यात ठेवून पाहिलं तर हा प्रश्न जास्तच टोचतो. कारण त्या काळात युरोपात मालक नसलेल्या वस्तू अचानक बाजारात येत होत्या, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांच्या ज्यू मालकांना छळछावण्यांत मारून टाकलं होतं.

क्रॉसवरचा पहिला अभ्यासपूर्ण लेख १९६३ मध्येच छापून आला. लेखिका विल्ट्रुड मेर्समान या जर्मन कलाइतिहासकार आणि मिमाराच्या पत्नी. म्हणजे वस्तूचं मोल जगाला पहिल्यांदा समजावलं तेही घरातूनच. क्रॉस नकली नाही, यावर मात्र आज अभ्यासकांमध्ये एकमत आहे.

आज असा सौदा झाला असता?

अवघड आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, म्हणजे या सौद्यानंतर सात वर्षांनी आलेला. तेव्हापासून ‘वस्तू कुणाकुणाच्या हातून गेली, कागद दाखवा’ हा प्रश्न हळूहळू सक्तीचा होत गेला. १९६३ मध्ये मोठ्या म्युझियममध्येसुद्धा हा प्रश्न न विचारणं म्हणजे धाडस समजलं जायचं. होव्हिंगचं या धाडसानं काही बिघडलं नाही. १९६७ मध्ये तो मेटचा संचालक झाला, १९७७ पर्यंत राहिला.

तीच मेट आता त्या काळाची किंमत मोजते आहे. २०२३ मध्ये तिनं भारतातून चोरून नेलेली १५ शिल्पं परत करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी वस्तूंचा मालकीइतिहास शोधायला जादा माणसं नेमण्याची घोषणाही केली. भारताच्या शिल्पांमागे देवळं होती, सरकार होतं, तपास होता. क्लॉइस्टर्स क्रॉसमागे कुणीच उभं नाही, कारण कुणाच्या हातून तो गेला हेच कुणाला माहीत नाही.

क्रॉस पाहायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. मेटच्या वेबसाइटवर ६३.१२ हा नोंदणी क्रमांक टाकला की फोटो उघडतात. झूम करून आधी पाटी शोधा, मग तिच्याजवळ भांडणारे पिलात आणि कयफा दिसतील. हामच्या हसण्याची ओळ मात्र समोरच्या फोटोत दिसणार नाही. ती कडेला आहे.